दारात येणारं माणूस

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी किती माणसं फिरायला येणार, हे बेळगावात कॅलेंडर बघून सांगता येतं. दिवाळीचा फराळ संपला की गर्दी वाढायला लागते. जानेवारीत गेटजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही. नवे बूट, नवे ट्रॅकसूट, पावलं मोजणारी घड्याळं, जोडीनं आलेले नवरा-बायको, कानटोपी घातलेले पेन्शनर. मार्चमध्ये परीक्षा आल्या की शाळकरी मुलांच्या आया कमी होतात. एप्रिल-मे लग्नसराईत जातो. आणि जूनमध्ये पाऊस लागला की झाडांखाली ठरलेली तोंडं तेवढी उरतात. आमच्याकडचा पाऊस झडीचा. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवरचं गाव, पश्चिमेला सह्याद्री. एकदा झड बसली की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. सहाला डोळे उघडावेत तर खिडकीत अंधार, पत्र्यावर एकसारखा आवाज आणि अंगावर उबदार गोधडी.

मी त्या ठरलेल्या तोंडांपैकी एक आहे. त्यामुळे एक प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. सोसायटीच्या, म्हणजे मी काम करते त्या पतसंस्थेच्या काउंटरवर, हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. "वैनी, तुमचा उत्साह टिकतो तरी कसा? आमचा पंधरा दिवसांत संपतोय बघा." विचारणाऱ्या बाईनं आधी बऱ्याचदा सुरुवात केलेली असते. दर वेळी ते सुटलेलं असतं आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे, अशी तिची खात्री झालेली असते. त्या खात्रीचं मला फार वाईट वाटतं. पंगतीत शेजारी बसून दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते आहे.

उत्साह टिकत नाही. कुणाचाच टिकत नाही. झडीच्या सकाळी मलाही उठावंसं वाटत नाही, आणि इतक्या वर्षांनंतर ते वाटायला लागेल अशी आशाही मी ठेवलेली नाही. तरी मी जाते, त्याचं कारण मला माझ्या वडिलांच्या धंद्यातून कळलं.

आप्पा पिग्मी गोळा करायचे. कर्नाटकातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. १९२८ साली उडुपीतल्या एका बँकेनं, जी पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली, रोजच्या बचतीची ही योजना काढली. दिवसाला दोन आणेसुद्धा चालायचे. गिऱ्हाइकानं बँकेत यायचं नाही, बँकेचा माणूस त्याच्या दारात जायचा. किनाऱ्यावरून ही पद्धत सगळीकडं पसरली. आज बेळगावात गल्लोगल्ली सोसायट्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचा पाया पिग्मीवर उभा आहे.

आप्पांची फेरी दुपारी जेवण झाल्यावर सुरू व्हायची. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, मग शहापूर. बरीच वर्षं पायी, नंतर सायकलवर. खांद्याला खाकी पिशवी, त्यात पावतीपुस्तक आणि कार्बन. शाळेला सुटी असली की मी त्यांच्याबरोबर जायची. एका बांगड्यांच्या दुकानातल्या मावशी पिग्मीचे पैसे सकाळीच काढून काचेच्या पेटीखाली सरकवून ठेवायच्या. आप्पा पायरीवर दिसले की पेटी थोडी उचलायची, नोट पुढं करायची, बोलायचंसुद्धा नाही. एखाद्या दिवशी पेटीखाली काही नसायचं. "आप्पा, आज बोहनीच नाही हो." आप्पा म्हणायचे, "असू दे की. एक रुपया दे. पान कोरं नको." आणि ते खरंच एका रुपयाची पावती फाडायचे, कार्बन नीट लावून, शंभराची फाडावी तशी.

एका पावसाळ्यात आप्पांना टायफॉइड झाला आणि त्यांची फेरी महिनाभर बंद राहिली. बरे होऊन ते परत गेले, तेव्हा दुकानदारांनी मधल्या दिवसांचे पैसे बाजूला काढून ठेवले असतील, असं मला वाटलं होतं. दोघा-तिघांनी ठेवले होते. बाकीच्यांची विक्री रोजच्यासारखीच झाली होती, पैसा आला होता, आणि तो गेलाही होता. आप्पांना त्याचं नवल वाटलं नाही. रात्री जेवताना आईला म्हणाले, "साठवायची इच्छा सगळ्यांनाच असती. मी गेलो तरच पैसा बाजूला पडतो."

या वाक्याचा अर्थ मला चाळिशी ओलांडल्यावर लागला. तोवर मी स्वतः सोसायटीत लागले होते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खुर्ची, समोर कॉम्प्युटर, तीन वेळा साखरेचा चहा, घरी आल्यावर पुन्हा ओट्याशी उभं राहणं. वजन वर्षाला थोडं थोडं चढत गेलं, आणि एका तपासणीत उपाशीपोटीची साखर शंभरच्या बरीच वर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. त्याच सुमारास आमच्या शेजारी बैलहोंगलकडचं एक कुटुंब राहायला आलं. त्यातल्या अक्कांचे गुडघे दुखायचे, त्यांनाही चालायला सांगितलं होतं. पण त्यांना कुत्र्यांची भयंकर भीती, आणि पहाटे आमच्या गल्लीच्या तोंडाला सात-आठ कुत्री बसलेली. त्यांना सोबत हवी होती. एवढंच. दोघींपैकी एकीलाही फिरायची आवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला गेटवर आवाज आला, "वैनी, बर्री!" म्हणजे 'या हो', आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. मी बाहेर पडले. तेव्हापासून तो आवाज येतोच आहे. अक्कांचं मराठी तेव्हा मोडकं होतं आणि माझं कानडी बाजारापुरतं. आता त्या माझ्याशी मराठीत बोलतात, मी त्यांच्याशी कानडीत, आणि दोघी एकमेकींच्या चुका दुरुस्त करतो. शहापुरातून गोवावेस, तिथून टिळकवाडी, डेपोत फेऱ्या आणि परत. ज्या दिवशी त्या माहेरी जातात, त्या दिवशी मला उठवायला कुणी नसतं आणि उठणं किती जड आहे ते मला लख्ख दिसतं. तीच मी, तेच बूट, तीच साखर. फरक फक्त गेटवरच्या हाकेचा.

म्हणून ज्या बायका मला विचारतात, त्यांना मी उलटं विचारते, "तुमच्या दारात कोण येतं?" बहुतेकींकडं याचं उत्तर नसतं. त्यांच्याकडं ॲप असतं, कुणाच्या तरी मुलीनं पाठवलेला डाएट चार्ट असतो, जिमची वर्षाची पावती असते. कुणी वाट बघत नसतं.

मधुमेह टाळण्यावर जे मोठे अभ्यास झाले, त्यांतही मला हेच दिसतं. अमेरिकेत तीन हजारांवर माणसांवर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. साखर वाढायला लागलेली पण अजून मधुमेह न झालेली माणसं. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढंच त्यांतल्या एका गटाला सांगितलं होतं. साधारण तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्या गटापेक्षा, ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. हा आकडा सगळीकडं छापला जातो. त्याच्या मागची व्यवस्था फारशी कुणी सांगत नाही. त्या प्रत्येकाला एक ठरलेला मार्गदर्शक दिलेला होता, आणि पहिल्या सहा महिन्यांत त्याच्याबरोबर समोरासमोर १६ बैठका होत्या. वजन किती, काय खाल्लं, कुठं अडलं, हे त्या माणसाला जाऊन सांगायचं. माणसाची वाट बघणारं माणूस तिथं पगारावर ठेवलं होतं. आपल्याला ते परवडत नाही, पण शेजारीण परवडते.

वजनाच्या काट्याबद्दल मात्र मला जरा परखड बोलायचं आहे, कारण सुटलेल्या बहुतेक सुरुवातींच्या मुळाशी मला तो दिसतो. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो उतरतो आणि माणूस हरखतो. त्यात चरबी थोडीच असते. शरीर पिठूळ पदार्थांतली साखर स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवतं, आणि तिच्याबरोबर तिच्या जवळजवळ तिप्पट पाणीही धरून ठेवतं. खाणं कमी केलं की आधी तो साठा आणि ते पाणी जातं. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा थांबतो. एखाद्या लग्नात लोणचं-पापड जास्त झालं, पाळी जवळ आली, तर उलटा चढतो. दिवसभरात एक-दोन किलो इकडंतिकडं होणं अगदी साधं आहे. पण सकाळी उठून त्यावर उभं राहणाऱ्या बाईला वाटतं, एवढं केलं आणि काय मिळालं? तिथंच बूट कपाटात जातात.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं भारतीय माणसांवर असाच अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोजचं चालणं आणि खाण्यात बदल, एवढ्यावर मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजन फारसं न उतरता. हे वाचलं तेव्हा मला किती बरं वाटलं, सांगता येणार नाही. काटा हलत नसतानाही आत काम चालू असतं. चालणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, इन्शुलिन जास्त नीट काम करतं, आणि हे कुठल्याही काट्यावर दिसत नाही.

उलटंही खरं आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. पण त्या ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण दिसायला बारीक असतो आणि चरबी पोटात असते. म्हणून आपल्याकडं बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हायला सांगतात, आणि कंबर बाईची ८० सेंटिमीटरच्या, पुरुषाची ९० च्या आत असावी असं धरतात. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीतून भारतात मधुमेहाचे १०.१ कोटी लोक असल्याचा अंदाज पुढं आला, आणि पोटाचा घेर वाढलेले त्याच्या तिपटीहून जास्त. शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर लावा. काट्यापेक्षा ती बरी सोबत देते.

आता आपल्या खाण्याबद्दल. चालून वजन उतरतं, असा एक भाबडा समज आहे. अर्धा तास चाललं तर माझ्यासारखीच्या शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. परत येताना कुणी हातावर कुंद्याचा एक बरा तुकडा ठेवला की तेवढ्या भरून निघतात. आणि बेळगावात कुंदा चुकवणं म्हणजे माणसं चुकवणं. पाहुणा आला की कुंदा, पाहुणा निघाला की बांधून कुंदा, लग्नात मांडे, गोकाकहून कोणी आलं की करदंट, "पौष्टिक असतंय, डिंक-काजू आहे त्यात" म्हणून आग्रह. पौष्टिक आहेच, म्हणून तर एका तुकड्यात जेवणाएवढं बळ असतं. मी यातलं काहीही सोडलेलं नाही. सोडलं की ते डोक्यात बसतं, आणि आपल्याकडं आग्रहाला नकार देणाऱ्या बाईला माणूसघाणी ठरवायला वेळ लागत नाही. मी एवढंच ठरवलं, की गोड माणसांत बसून खायचं. घरात साठवायचं नाही. आलेला पुडा त्याच दिवशी शेजारीपाजारी वाटायचा. फ्रीजमध्ये कुंदा असला की तो रात्री साडेदहाला बोलावतो आणि त्या वेळी समोर कुणी पाहुणा नसतो.

ताटात मात्र मी बदल केला, आणि तो करायला वेळ लागला, कारण ताट माझ्या एकटीचं नाही. आमच्या जिल्ह्यात पूर्वेला काळ्या मातीत जोंधळा आणि पश्चिमेला खानापूरकडं भात. माझं सासर भाताचं. आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या हिशेबात भात दोन वेळा पोटभर आणि त्याच्याशी आमटी. ज्वारीची भाकरी अक्कांकडून घरात आली. त्या बैलहोंगलच्या, त्यांच्या भाकरीला पापुद्रा सुटतो तसा माझ्या हातून अजून सुटत नाही. भात निम्मा झाला, मटकीची उसळ, मूग, झुणका, ताक वाढलं. साठ किलोच्या बाईला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं लागतात आणि आपल्या ताटात ती बऱ्याचदा कमी पडतात, कारण सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरलेली आमटी म्हणजे पाणीच असतं. आधी आत्तींनी विचारलं, "भात खाल्ला नाहीस तर अंगात जीव राहील काय?" त्यांना मी कॅलरी सांगितल्या नाहीत. एक दिवस त्यांचीच साखर तपासून आणली. आता त्या स्वतः संध्याकाळची भाकरी मागतात.

बायकांच्या बाबतीत उत्साहाची भाषाच मला अपुरी वाटते. सकाळचा पाऊण तास कुणाचा? पोरांचा डबा, नवऱ्याचा डबा, पाण्याची वेळ, देवपूजा, सासू-सासऱ्यांचा चहा. ज्या बाईला तो पाऊण तास कुणी देतच नाही, तिला "जरा मनाचा निश्चय करा" असं सांगणं मला क्रूर वाटतं. आमच्या घरी हे बोलून सुटलं. भाजी रात्री चिरून ठेवायची, कणीक रात्री मळायची, सकाळचा चहा यांनी करायचा. चहा करणं त्यांना जड गेलं नाही. माझं सहा वाजता घरी नसणं सगळ्यांना जड गेलं. ते अंगवळणी पडायला एक पावसाळा लागला. ज्या घरात असं बोलता येत नाही, तिथल्या बाईनं काय करावं याचं माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. आमच्या गल्लीतली एक सून गच्चीवर फेऱ्या मारते, कपडे वाळत घालायच्या निमित्तानं. मी खालून तिला हात करते. तेवढीही सोबत तिला पुरते, असं ती म्हणते.

पावसाळ्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळं सुटतं ते तिथं.

पहिल्या वर्षी मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर अक्का छत्री घेऊन आल्या. मी म्हटलं, एवढ्या पावसात कसं जायचं? त्या म्हणाल्या, जायचं नाही, पण मी आलीय. आम्ही आमच्या कट्ट्यावर बसलो, बिनसाखरेचा चहा घेतला, आणि मग घराच्या जिन्यावरून वर-खाली करायला लागलो. अक्का कठडा धरून, गुडघ्याला जपून, मी त्यांच्या मागं. दहा मिनिटांत धाप लागली. तेव्हापासून नियम झाला, की पाऊस असो-नसो, येणं रद्द होणार नाही. थोडी उघडीप असली की बाहेरून हाक येते, "मळी निंततरी!" म्हणजे पाऊस थांबला, आणि आम्ही निघतो. नाहीतर जिना आहे, देवळाचा सभामंडप आहे. आप्पांच्या एका रुपयाच्या पावतीसारखंच आहे हे, रक्कम घटली तरी पान कोरं जात नाही.

एखादा खाडा पडला म्हणून सगळं गेलं असं नसतं, हेही सांगायला हवं. लंडनमध्ये सवयी कशा लागतात यावर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. ९६ माणसांनी रोजची एक नवी गोष्ट सुरू केली. ती आपोआप व्हायला लागेपर्यंत कुणाला १८ दिवस लागले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकल्यानं त्यात फारसा फरक पडला नाही. "एकवीस दिवसांत सवय लागते" हे वाक्य आपल्याकडं भिंतीवर लावतात आणि बाविसाव्या दिवशी सवय न लागलेला माणूस स्वतःला दोष देत बसतो. त्याला अजून सहा महिने लागणार असतील तर? तेवढे महिने ओढून न्यायला उत्साह पुरणार नाही, दुसरं काहीतरी लागेल.

पावसात बूट भिजतात, ही वरकरणी किरकोळ गोष्टही लक्षात घ्यावी. भिजलेला बूट दुसऱ्या दिवशी घालणं नकोसं होतं. जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून आत कोंबायची, फ्रीजच्या मागं जिथं गरम हवा लागते तिथं बूट उभे करायचे, संध्याकाळी कागद बदलायचे. सकाळपर्यंत बरे वाळतात. अक्का साडीवरच बूट घालतात, निऱ्या वीतभर वर खोचून. पहिल्यांदा डेपोत दोन-चार जणींनी वळून बघितलं. आता त्यातल्या एकीनं साडीवर बूट घातलेत.

आमच्या गावात जोर-बैठका मारणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. गल्लीगल्लीत तालमी होत्या, कुस्तीचं वेड अजून आहे, शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांना गर्दी होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथं आहे, आणि कॅम्पच्या रस्त्यावर पहाटे रिक्रूट धावताना दिसले की माणूस आपोआप ताठ चालतो. येळ्ळूरच्या रस्त्याला, राजहंसगडाच्या चढावर, आसपासच्या गावांतली पोरं भरतीसाठी धावत असतात. १.६ किलोमीटरची वेळ मिनिटा-सेकंदांत लावतात. त्यांच्यापुढं भरतीची तारीख असते आणि ती तारीख त्यांना अंथरुणातून ओढून काढते. माझा एक भाचा असाच धावायचा. वयाची अट ओलांडली, निवड झाली नाही, आणि धावणं एका दिवसात बंद. आता तो दुकानात बसतो, त्याचं पोट सुटलंय. त्याला मी काही बोलले की तो म्हणतो, "आता कशासाठी धावू, मावशी?" मला त्याला देण्यासारखं उत्तर सापडलेलं नाही. भरती झाली नाही हे दुःख खरं आहे, त्यावर साखर आणि कंबर सांगून काय होणार?

नवरात्रातल्या दुर्गामाता दौडीत तो यायचा, अजून येतो. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत रोज पहाटे पांढऱ्या कपड्यांतली पोरं-पोरी, बाप्ये-बायका गल्ल्यांतून धावतात. दारोदारी रांगोळी, आरतीचं ताट घेऊन उभ्या बायका. एरवी आठला न उठणारा माणूस पाचला आंघोळ करून उभा असतो. त्याला कुणी प्रेरणेचं भाषण देत नाही. त्याची गल्ली जागी असते आणि त्याचं नाव घेऊन हाका मारत असते. दसरा होतो, झेंडा ठेवला जातो, आणि अकराव्या दिवशी पाचला रस्ता पुन्हा रिकामा. ती माणसं तीच असतात, अंगातला दमही तोच असतो. दर वर्षी दसऱ्यानंतर मी आमच्या गल्लीत दोघा-तिघांना विचारते, उद्यापासून याच वेळी आमच्याबरोबर चालता का? एखादी येते. बाकीच्या हसून टाळतात. मी पुढच्या वर्षी परत विचारते.

चालण्याबरोबर अंगात थोडी ताकद ठेवणंही लागतं. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, आणि नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो. मग उतरलेली बाई दिसायला बारीक पण जिन्यावर दमणारी होते. डेपोतल्या बाकाला धरून आम्ही बैठका काढतो. अक्का अर्ध्यावर थांबतात, पुन्हा उठतात. गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारूनच हे सुरू केलं, आणि तसंच करावं.

आता वजनाची इंजेक्शनं आली आहेत. २०२५ पासून भारतात त्यांचा फार बोलबाला आहे, आणि आमच्या काउंटरवरही त्यांची चौकशी होते. डॉक्टरांनी गरज बघून दिलं तर घेण्यात कमीपणा नाही, असं माझं मत आहे. मात्र त्यातल्या एका औषधाच्या अभ्यासात, इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणजे त्याच्या बरोबरीनं रोजचं काहीतरी लावून घ्यावंच लागणार. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली आहे, त्यात किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेली माणसं आहेत. त्यांच्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर हालचाल करतात. कुणी कसं उतरवलं यात पुष्कळ फरक आहेत. टिकवणाऱ्यांच्या दिवसात मात्र तो तास सापडतो.

माझी साखर आता काबूत आहे. वजन उतरलं, मग थांबलं, आणि बऱ्याच दिवसांपासून तिथंच आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी थोडं उतरलं तर चांगलं, नाही उतरलं तरी चालणं सोडू नका.

गेल्या आठवड्यात काउंटरवर एक बाई पिग्मीचं पुस्तक बंद करायला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी तोच प्रश्न विचारला. बाळंतपणानंतर वाढलेलं वजन, घरात कुणी बोलत नाही असं नाही, पण सकाळी उठवत नाही. त्या नाथ पै सर्कलच्या पलीकडं राहतात, म्हणजे आमच्या वाटेच्या नेमक्या उलट्या बाजूला. मी अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, मग पावणेसहाऐवजी साडेपाचला निघू. सोमवारपासून आम्ही आधी नाथ पै सर्कलला जातो, त्यांच्या दारात हाक मारतो, आणि तिथून तिघी मिळून गोवावेसकडं वळतो. पहिल्या दिवशी त्या बाहेर आल्या नाहीत. मंगळवारी गॅलरीतून दिसल्या, बाळ रात्रभर जागं होतं म्हणाल्या. बुधवारी चपला घालून आल्या, कोपऱ्यापर्यंत चालल्या. अक्कांनी त्यांना सांगितलंय की बूट नसले तरी चालतील, पण कुत्र्यांसाठी एक काठी घेऊन या.